उजवीकडे दीड इंच

कोऱ्या कापडाला खळीचा एक तुरट वास असतो. त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा जड वास आणि खुणेच्या खडूचा कोरडा वास मिसळला, की माझ्यासमोर धुळ्याची ती एक खोली उभी राहते. पूर्वेची खिडकी, खिडकीखाली पायमशीन, भिंतीतल्या खिळ्यांना अडकवलेले अर्धे शिवलेले ब्लाउज, आणि फरशीवर पसरलेल्या रंगीत चिंध्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेली माझी मुलगी. एके काळी हा वास आला की मला हमखास झोप यायची, इतका तो निर्धास्त होता. आता तो आला की मी टक्क जागी होते.

ती खोली माझ्या नणंदेची. माझ्या नवऱ्याहून त्या बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणते. त्यांच्याकडे आत्याला फुई म्हणतात, म्हणून माझ्या मुलीची त्या फुई. आम्ही जळगावला राहतो. नवरा रेल्वेत, रोज भुसावळला जा-ये करणारा. मी शाळेत मराठी शिकवते. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीआधी, आम्ही एसटीने धुळ्याला जात असू आणि मुलीचे वर्षभराचे कपडे शिवून आणत असू. तयार कपडा पोरीच्या अंगाला लागू द्यायचा नाही, हा अक्कांचा हट्ट होता. बारशाच्या कुंचीपासून चौथीच्या गणवेशापर्यंत तिच्या अंगावर जे चढले ते सारे त्याच मशीनवरून उतरलेले.

माप घेण्याचा एक सोहळाच असे. अक्का टेप गळ्यात अडकवून स्टुलावर बसत.

"आठे ये व माय. पाठ इकडे कर. सीधी उभी ऱ्हाय."

टेपच्या टोकाला पितळी पट्टी होती. ती मानेखालच्या मणक्यावर टेकली की मुलगी किंचाळून उडी मारी.

"गार!"

"गार ते गार. हालशी ते फ्राक वाकडा व्हई."

"फुई, तू टेप फ्रीजमध्ये ठेवतेस ना? खरं सांग."

अक्का हसत, खडूने कापडावर रेघा ओढत, आणि मी भिंतीला टेकून त्या दोघींचे बोलणे अर्धवट ऐकत पेंगत असे. त्या अर्ध्या झोपेत माझ्या डोळ्यांदेखत काय मापले जात होते, ते मला कळले नाही.

मुलीच्या अंगावर जन्मापासून डाग आहेत. दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचे, कडा मऊ असलेले. पोटावर, मांडीवर, पाठीवर. तान्हेपणी ते तांदळाएवढे होते, पुढे तिच्याबरोबर वाढत गेले. ती चार वर्षांची असताना जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी ते एकेक करून मोजले, तिचे हात वर करून काखेतले बारीक ठिपके पाहिले आणि एक शब्द उच्चारला: न्यूरोफायब्रोमॅटोसिस. शब्दांवर पोट भरणारी बाई मी; पण त्या शब्दाला माझ्या भाषेत घर नव्हते. ते म्हणाले, हा जन्मजात, जनुकातला बदल आहे. मज्जातंतूंवर गाठी येऊ शकतात, किंवा काहीही न होता आयुष्य जाऊ शकते. फक्त दोन गोष्टींवर नजर ठेवायची, डोळे आणि पाठ. दरवर्षी.

डोळे आम्ही दरवर्षी दाखवले. पाठीचे मात्र असे झाले, की ती आठ वर्षांची झाली आणि न्हाणीघराचे दार आतून लावून घेऊ लागली. "आई, मी मोठी झालेय," हे वाक्य मला तेव्हा गोड वाटले होते. तिची उघडी पाठ मला दिसेनाशी झाली, आणि कपड्यांतली पाठ नेहमी सरळ दिसत असे. खांदे एका रेषेत, फ्रॉकचा घेर चारी बाजूंनी सारखा. एका वर्षीची तपासणी परीक्षांच्या गडबडीत राहून गेली. पुढच्या वर्षी वाटले, सगळे तर नीट आहे.

पाचवीला शाळा बदलली. नव्या शाळेचा गणवेश एकाच दुकानातून तयार घ्यायचा, असा नियम होता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या अंगावर बाजारचा कपडा चढला, आणि तो वाकडा निघाला. उजव्या बाजूला स्कर्टची कड गुडघ्याच्या वर, डावीकडे गुडघ्याच्या खाली. मी दुकानात जाऊन बदलून आणला. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी मुलीला बरोबरच घेऊन गेले. जून सरत आला होता. दुकानात पालकांची झुंबड, प्लास्टिकच्या पिशव्यांची कुरकुर, पंख्याखाली घामाचा आणि कोऱ्या टेरिकॉटचा वास.

"ताई, तिसरा बदलून देतोय मी," दुकानदार म्हणाला. "आता माझ्याकडून पोरगीच बदलून मागाल."

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. मीही हसले.

"अहो, पण कड बघा ना. कापणाराचं लक्ष कुठं होतं?"

"कापणारा कुठला, मशीन कापतं. एकावर एक शंभर थर. वाकडं असेल तर शंभरही वाकडे निघतील." त्याने गणवेश हँगरला अडकवून माझ्यासमोर धरला. "हे बघा. तुम्हीच बघा."

हँगरवर तो सरळ होता. कड अशी, की पट्टी ठेवावी. मग त्याने तो मुलीच्या अंगावर चढवायला लावला. ती आरशासमोर उभी राहिली, आणि कड पुन्हा उजवीकडून वर चढली, जशी एखाद्या अदृश्य चिमटीने उचलून धरली असावी. दुकानदाराचे हसू ओसरले. त्याने मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाला, "ताई, पोरीला सरळ उभं राहायला सांगा."

"मी सरळच उभी आहे," ती म्हणाली.

घरी येऊन मी न्हाणीघराचे दार लावले, तिचा शर्ट काढला आणि तिला पुढे वाकायला सांगितले. उजव्या बाजूची पाठ वर आली. पाठीच्या मधोमध, जिथे लहानपणी मी बोटाने तेलाची सरळ रेघ ओढत असे, तिथे कण्याने अचानक आडवाट धरली होती. तिथेच एक चहाच्या रंगाचा डाग होता. तो मी ओळखत होते. त्याच्याखालचा आकार ओळखत नव्हते. नळ ठिबकत होता. ती वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, "झालं का? रक्त डोक्यात चाललंय माझ्या."

ती शेजारी खेळायला गेल्यावर मी कपाटातून तिचा या उन्हाळ्यात शिवलेला फ्रॉक काढला. पलंगावर पसरला आणि उभा, मधोमध दुमडला. दोन बाजू एकमेकींवर बसल्या नाहीत. उजवी बाजू डावीपेक्षा दीड इंच लांब होती. डाव्या खांद्याच्या शिवणीत बोट फिरवले तर आत काहीतरी मऊ लागले. उसवून पाहिले: कापसाची पातळ घडी, कच्च्या टाक्यांनी बसवलेली. उन्हाळ्यातलाच दुसरा फ्रॉक काढला. तोही तसाच. गेल्या दिवाळीच्या परकराला उजवीकडे फक्त अर्धा इंच जास्त होता. कपड्यांच्या त्या ढिगात माझ्या मुलीचा कणा दिवाळीपासून वाकत गेलेला होता, आणि तो कुणीतरी पाहिला होता, मोजला होता, आणि माझ्यापासून झाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, रस्त्यालगतची नुकती नांगरलेली काळी शेते. मला काही दिसले नाही. मांडीवरच्या पिशवीत तो फ्रॉक होता आणि डोक्यात अक्कांना ऐकवायची वाक्ये धार लावून ठेवली होती.

अक्का मशीनवर होत्या. मी काही न बोलता फ्रॉक त्यांच्यासमोर दुमडून ठेवला. मशीनचे चाक आणखी दोन-तीन फेरे फिरले आणि थांबले.

"माले दिसनं व्हतं, वहिनी," त्या म्हणाल्या. त्यांना दिसले होते.

"कधी?"

"मांगली दिवाळीले."

"आणि सांगितलं नाहीत? अक्का, डॉक्टरांनी आम्हाला पाठच तर बघायला सांगितली होती! तुम्ही वरून कापूस भरत बसलात?"

त्यांनी बोटातली शिवणाची टोपी काढून मशीनवर ठेवली. मग म्हणाल्या, "तुनी पोरले डाग मीच लावात. आते पाठ बी वाकडी व्हयनी, हाई बी मीच सांगू?"

मला काही कळेना. डाग अक्कांनी लावले म्हणजे काय? मग त्यांनी जे सांगितले ते मी दहा वर्षांपूर्वी पाहिले होते आणि साफ विसरले होते. मला सातवा महिना होता, डोहाळजेवणासाठी मी याच घरी आले होते. त्या संध्याकाळी चंद्र उगवला तोच ग्रासलेला. गर्भार बाईने ग्रहणात सुई, विळी, कात्री हातात घ्यायची नाही, अंगाला खाजवायचे नाही, नाहीतर बाळाच्या अंगावर डाग उठतो, असे सासूबाईंनी बजावून ठेवले होते. मी मनात हसले होते. अक्का बाळाची कुंची शिवत होत्या. बारशाला कुंची आत्यानेच आणायची असते, आणि त्यांना घाई झाली होती. सुईचे नेढे दिसेना, तेव्हा ग्रहणाची वेळ विसरून त्यांनी सुई माझ्यापुढे केली. मी दोरा ओवून दिला. इतकेच.

त्या मात्र ते कधीही विसरल्या नव्हत्या. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगायला त्या वाकल्या आणि त्यांना मानेवरचा पहिला डाग दिसला. तेव्हापासून दहा वर्षे त्या एकट्याच हे ओझे घेऊन शिवत होत्या. तयार कपडा पोरीला लागू न देण्याचा हट्ट कुठून आला होता, ते मला आता कळले. लांब बाह्या, बंद गळे, आणि पुढे एक खांदा खाली येतो आहे हे टेपने सांगितले तेव्हा उजवीकडे थोडे कापड जास्त. एखाद्याने जखमेवर पदर धरावा तसे.

धार लावलेली माझी वाक्ये कुठे गेली कोण जाणे. मी रडले नाही. भीतीने माणूस कोरडा होतो. मी फक्त विचारले, "अक्का, गेल्या दिवाळीपासून आत्तापर्यंत किती वाढलं?"

त्यांनी भिंतीवरची मापांची वही काढायला हात वर केला, आणि वही न बघताच सांगितले, "इंचभर."

पुढचे सगळे पांढऱ्या उजेडात घडले. एक्स-रे काचेवर लावून डॉक्टर म्हणाले, हा बाक नेहमी आढळतो तसा लांबट नाही. थोड्याच मणक्यांत, एकदम वळलेला. या आजारात असा बाक येतो. त्यांनी पेनाने बरगड्या दाखवल्या. वळणापाशी त्या शिसपेन्सिलीने काढल्यासारख्या बारीक झाल्या होत्या.

"पट्टा लावून थांबणार नाही का?" नवऱ्याने विचारले.

"साध्या बाकात पट्ट्याने फरक पडतो. हा फारसा जुमानत नाही. भराभर वाढतो. आधी एमआरआय करू. मज्जारज्जूजवळ गाठ नाही ना, ते पाहायला हवं. मग नाशिकला शस्त्रक्रिया."

"आणि पाय?" हा प्रश्न मी विचारला. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"थांबलो तरी, मज्जारज्जू दाबला जाऊन, पायांना धोका आहे. शस्त्रक्रियेतही आहे. कमी आहे, पण नाही असं मी सांगणार नाही."

त्या दिवसापासून माझ्या घरातले सगळे आवाज तिच्या पायांचे झाले. जिन्यावर एक पायरी गाळून उतरणारे पाय. गच्चीवर लंगडी घालणारा एकच पाय. जेवताना टेबलाखाली हलत राहणारा, एरवी मी रागावून थांबवला असता तो पाय. मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता थबकून ऐकत असे. मध्येच शांतता झाली की हाक मारत असे.

"काय गं?"

"काही नाही. कुठं आहेस?"

"इथेच तर आहे. तू आजकाल फार हाका मारतेस, आई."

दुपारी ती झोपली की मी तिच्या तळव्यावरून करंगळी फिरवत असे. पाय झटकून ती कुशीवर वळे. एका झटक्यापुरती माझी भीती सैल होई, आणि पुन्हा भरून येई.

एमआरआयच्या खोलीबाहेर मी अर्धा तास त्या यंत्राचे ठोके ऐकले. जाड दाराआडून कुणी लोखंड घडवीत असावे तसे. मज्जारज्जूवर गाठ नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचेही अंग तपासले, डोळे तपासून घेतले, आणि सांगितले, की आई-वडिलांकडून तिला काही आलेले दिसत नाही. बदल तिच्यातच नव्याने झाला आहे. मी, शिकलेली, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी बाई, मान खाली घालून विचारून बसले, "सातव्या महिन्यात काही झालं असेल तर?"

"सातव्या महिन्यात?" त्यांनी चष्मा काढला. "जीव रुजतो तेव्हाच हे ठरून गेलेलं असतं. त्यात कुणाचा हात नसतो, बाई."

मुलीने त्यांना स्वतःचे प्रश्न विचारले. "माझ्यात लोखंड घालणार?"

"लोखंड नाही, टायटॅनियमचे दांडे."

"मग मला चुंबक चिकटेल?"

"नाही."

"अरेरे," ती म्हणाली, आणि खरेच हिरमुसली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच मी धुळ्याला फोन लावला. डॉक्टरांचे वाक्य जसेच्या तसे सांगितले: त्यात कुणाचा हात नसतो. पलीकडे मशीन चालू होते, ते थांबले. मग अक्का म्हणाल्या, "पोरले धाडी दे. आते खरं माप लिसू."

खरे माप त्यांनी घेतले. दोन्ही खांद्यांपासून, दोन्ही काखांपासून, काहीही न लपवता, आकडे मोठ्याने म्हणत. शस्त्रक्रियेनंतर घालायला पुढून उघडणारे, नाडीचे, मऊ सुती शर्ट लागणार होते. कात्री कापडावर टेकवून त्या माझ्याकडे वळल्या.

"कोनतं माप धरू, वहिनी? आतेनं का नंतरनं?"

आत्ताचे की नंतरचे. नंतर म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. शेवटी त्यांनी दोन्ही बाजूंना भरपूर दुमड आत ठेवून, सैलच शिवले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आठला तिला आत नेले. ढकलखुर्चीत बसण्यावरून ती वॉर्डबॉयशी भांडली, "मला चालता येतं." दार मिटेपर्यंत ती चालत गेली. निळ्या सपाता जमिनीवर चटक-चटक वाजत होत्या. तो आवाज मी मनात मुडपून ठेवला, न जाणो, परत ऐकायला मिळेल का म्हणून.

नवरा दारासमोर येरझाऱ्या घालत होता. अक्का बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर शर्टांची पिशवी. त्या जप करत असतील असे वाटले, पण त्यांच्या बोटांत टेप होती. त्या ती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. दुपार झाली, कुणीतरी चहा आणला, त्यावर साय धरली. त्या चहाचा रंग मला पाहवेना.

चार वाजून गेल्यावर सर्जन बाहेर आले. बाक बराचसा सुटला आहे, पूर्ण नाही; तेवढा सोडवणे धोक्याचे होते. आणि पाय? आतल्या यंत्रावर पायांचे संदेश नीट येत होते, शुद्धीवर येताना बोटे हललेली दिसली, असे ते म्हणाले. दिसली त्यांना. मी पाहिली नव्हती. वर्षभर मी दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवून बसले होते. आता मला कुणाचेच माप पुरत नव्हते.

अतिदक्षता विभागात एकालाच सोडणार होते, दोन मिनिटांसाठी. नवऱ्याने मला पुढे केले. दाराशी परिचारिकेने माझ्या हातांवर जंतुनाशकाचा थंडगार फवारा मारला. "चोळा आणि जा. हलवू नका तिला, रडू नका."

ती पालथी नव्हती, उताणी होती, आणि मला ती लांब वाटली, अनोळखी वाटावी इतकी लांब. ओठ सुकलेले. डोळे मिटलेले. यंत्राची टिकटिक. मी हाक मारली. पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. पायांवर हिरवी चादर होती, आणि चादरीखाली काहीच हलत नव्हते. चादरीच्या टोकाला एक उघडे पाऊल दिसत होते. मी तिथवर गेले. दोन मिनिटांतले किती उरले होते कोण जाणे.

हात अजून ओले होते. मी तळहात तिच्या तळव्याला लावला आणि थांबले. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला तिच्या कपाळावर बारीक आठी उमटली, अंगठा किंचित आत वळला, आणि डोळे न उघडताच, घोगऱ्या आवाजात, जरा रागावूनच ती मला म्हणाली,

"गार."